‘पोटात दुखतंय’ : शाळा, रुग्णालय आणि मुलांची सुरक्षितता

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात देणगीदार, विश्वस्त, शिक्षक व रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर केलेले भाषण)



वार्षिक मेळाव्यात रुग्णालयाने आपल्या कामाचा हिशेब मांडावा, अशी आपली प्रथा आहे. खाटा किती, शस्त्रक्रिया किती, धर्मादाय निधीतून कोणाला किती साहाय्य झाले, हा सारा तपशील अहवालाच्या पुढील पानांवर छापला आहे आणि तो आपण सवडीने वाचालच. आज मात्र विश्वस्तांच्या अनुमतीने आम्ही निराळ्या विषयावर बोलणार आहोत. तो विषय आहे शाळेतील मुलांच्या सुरक्षिततेचा आणि स्वास्थ्याचा. रुग्णालयाने शाळेच्या कारभारात कशासाठी डोकवावे, असा प्रश्न कोणाच्या मनात आल्यास तो गैर नाही. परंतु शाळेत, वसतिगृहात किंवा शाळेच्या वाटेवर जे बिघडते, त्याचा शेवटचा मुक्काम बहुधा आमच्या बाह्यरुग्ण विभागात असतो. आणि मूल आमच्यापर्यंत येऊन पोहोचते त्याच्या कितीतरी आधी त्याने ती गोष्ट कोणाला ना कोणाला सांगितलेली असते, असे आम्हाला वारंवार दिसून येते. सांगणे आणि ऐकले जाणे यांच्यामध्ये जो वेळ जातो, त्याविषयी आम्हाला बोलावयाचे आहे.

मुलाजवळ शब्द थोडे असतात. मोठ्या माणसाला ‘छातीत धडधडते’, ‘मन लागत नाही’, ‘अमक्याची भीती वाटते’ असे वेगवेगळे सांगता येते. सहा-सात वर्षांचे मूल या सगळ्यासाठी बहुधा एकच वाक्य वापरते : ‘पोटात दुखतंय.’ बालरोगतज्ज्ञांना हे वाक्य फार जुन्या परिचयाचे आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील डॉ. जॉन ॲपली यांनी आपल्या सहकाऱ्यासह एक हजार शाळकरी मुलांची पाहणी करून १९५८ साली ती प्रसिद्ध केली. त्यांत दर दहा मुलांमागे साधारण एकाला पुन्हा पुन्हा पोटदुखी होत असल्याचे आढळले, आणि त्यांपैकी बहुसंख्य मुलांच्या पोटात तपासणीअंती कोणताही आजार सापडला नाही. यावरून ‘मूल खोटे बोलते’ असा निष्कर्ष काढणारे लोक तेव्हाही होते व आजही आहेत. ॲपलींनी तसा निष्कर्ष काढला नाही. दुखणे खरे असते, त्याचे मूळ मात्र पोटाबाहेर असू शकते, हे त्यांच्या कामातून पुढे आले आणि पुढील पिढीतील डॉक्टरांनी ते मान्य केले.

मग हे मूळ कोठे असते? कधी ते उपाशीपोटी शाळेत येण्यात असते, कधी जंतांत असते. कधी सोमवारच्या गणिताच्या तासात असते. मुलींच्या बाबतीत अनेकदा ते शाळेच्या स्वच्छतागृहात सापडते. दाराला कडी नाही, आत पाणी नाही, म्हणून मुलगी सकाळपासून पाणीच पीत नाही आणि लघवी रोखून धरते. संध्याकाळी ओटीपोट दुखते, काही दिवसांनी ताप येतो आणि मूत्रमार्गाचा संसर्ग घेऊन ती आमच्याकडे येते. औषधाने संसर्ग बरा होतो. कडी मात्र औषधाने बसत नाही, आणि दोन महिन्यांनी तीच मुलगी पुन्हा येते.

याच वाक्याचा एक अर्थ असा आहे की, तो ठाऊक नसल्यास मूल दुपार पाहत नाही. आश्रमशाळांमध्ये आणि ग्रामीण वसतिगृहांमध्ये अजूनही पुष्कळ मुले जमिनीवर अंथरूण घालून झोपतात. मण्यार हा साप रात्री हिंडणारा. त्याचा दंश बहुधा झोपेतच होतो आणि तो इतका बारीक असतो की माणूस जागाही होत नाही. सूज नाही, रक्त नाही, दातांची खूण शोधूनही सापडत नाही. पहाटे मूल उठते आणि म्हणते, ‘पोटात दुखतंय.’ एखादी उलटी होते. अधीक्षक त्याला ओव्याचे पाणी देतात, पडून राहा म्हणतात, आणि यात त्यांचा हेतू चांगलाच असतो. नंतर पापण्या जड होऊ लागतात, मूल झोपेत आहे असेच वाटते. गिळता येत नाही, बोलणे अडखळते आणि अखेरीस श्वास घेणारे स्नायू थकतात. या अवस्थेत सर्पविषावरील प्रतिविष आणि कृत्रिम श्वसनयंत्र या दोहोंची गरज लागते. श्वास वेळेवर हाती घेता आला, तर असे रुग्ण बहुधा पूर्ण बरे होतात, कारण हे विष मेंदूला इजा करत नाही. ते स्नायूंना मिळणारा हुकूम अडवते. जमिनीवर झोपलेले मूल, पहाटेची पोटदुखी आणि मिटू पाहणाऱ्या पापण्या या तीन गोष्टी एकत्र दिसताच गाडी बोलावावी, एवढे ज्या अधीक्षिकेला माहीत आहे, ती आमच्या अतिदक्षता विभागापेक्षा अधिक मुले वाचवील, असे आम्ही जबाबदारीने म्हणतो.

केरळातील वायनाड जिल्ह्यातल्या सुलतान बत्तेरी येथे २० नोव्हेंबर २०१९ रोजी काय घडले, ते आपल्यापैकी काहींना आठवत असेल. पाचवीतील एका मुलीच्या पायाला वर्गातच, फरशीलगतच्या बिळातून, साप चावला. तिने शिक्षकांना तसे सांगितले होते आणि तिला लगेच दवाखान्यात न्या असे आम्हीही म्हणत होतो, असे तिच्या वर्गमित्रांनी नंतर जाहीरपणे सांगितले. तिला नेण्यास उशीर झाला आणि पुढे रुग्णालयातही उपचारात वेळ गेला. ती मुलगी वाचली नाही. शिक्षक आणि डॉक्टर अशा दोघांवरही निलंबनाची कारवाई झाली. आम्ही हे उदाहरण केवळ शाळांना उद्देशून देत नाही, हे यावरून ध्यानात यावे. त्या वर्गातील दहा-दहा वर्षांच्या मुलांना जे कळले होते, ते कळण्यास वयाची किंवा पदवीची आवश्यकता नव्हती.

शाळेची सुरक्षितता म्हटली की आपल्यासमोर इमारत उभी राहते, आणि ते योग्यच आहे. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शालेय भोजनाच्या स्वयंपाकघरातून उडालेल्या आगीने झावळ्यांचे छप्पर पेटले आणि ९४ मुले दगावली. पुढे १३ एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत असल्याचे स्पष्ट केले आणि अग्निशमनाच्या साधनांपासून इमारतीच्या प्रमाणपत्रापर्यंत अनेक निर्देश दिले. आज शाळेच्या भिंतीवर जी लाल नळकांडी टांगलेली दिसतात, त्यांच्यामागे त्या मुलांची स्मृती आहे. (ती नळकांडी शेवटची केव्हा भरली, हे मात्र जाता जाता पाहावे.)

योगायोग असा की, बरोबर नऊ वर्षांनी त्याच तारखेला, १६ जुलै २०१३ रोजी, बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन या गावी शाळेतल्याच भोजनाने २३ मुलांचा बळी घेतला. अन्न शिजवण्याच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळले गेले होते. तेलाबद्दल स्वयंपाकीण बाईंना शंका आली होती आणि भाजीची चव वेगळी लागत असल्याचे मुलांनीही म्हटले होते, असे त्या वेळी सर्वत्र प्रसिद्ध झाले. येथे इमारतीचा प्रश्न नव्हता, प्रमाणपत्राचाही नव्हता. चवीविषयी मुलाने केलेली तक्रार हा लाडावलेपणा समजला गेला. मुलांना वाढण्यापूर्वी मोठ्या माणसाने अन्न चाखून पाहावे, हा नियम नंतर सर्वत्र कसोशीने सांगितला गेला. आमच्या मते त्या नियमाला एक पुरवणी हवी : मुलाने ताट बाजूला सारले, तर त्याला रागावण्याआधी आपण एक घास खाऊन पाहावा.

आता ज्या विषयावर बोलताना सभागृह अस्वस्थ होते, त्याकडे वळतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील एका शाळेत साधारण चार वर्षे वयाच्या दोन मुलींवर झालेल्या अत्याचाराने अवघा महाराष्ट्र हादरला. लोक रस्त्यावर आणि रुळांवर उतरले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. गुन्हा नोंदवण्यास झालेला विलंब आणि शाळेने कळवण्याचे कर्तव्य न पाळणे, हे दोन्ही मुद्दे त्या प्रकरणात पुढे आले. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, ज्याला आपण ‘पॉक्सो’ म्हणतो, तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळले, त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे, असे त्याचे कलम १९ सांगते. हे बंधन मुख्याध्यापकांवर आहे, तसेच डॉक्टरांवरही आहे. न कळवल्यास शिक्षा आहे. संस्थेच्या प्रमुखाला ती एक वर्षापर्यंतच्या कारावासाची असू शकते. ‘आधी आपण अंतर्गत चौकशी करू’ या वाक्याला कायद्यात जागा नाही.

दुसरी बाजू रुग्णांच्या नातेवाइकांनी ऐकावी, अशी विनंती आहे. असे बालक रुग्णालयात आणल्यास उपचार तत्काळ आणि विनामूल्य मिळणे हा त्याचा हक्क आहे, मग रुग्णालय सरकारी असो वा खाजगी. तातडीचे उपचार सुरू करण्यासाठी पोलिसांचा कागद आधी आणा, असे कोणीही म्हणू शकत नाही. मुलगी असल्यास तिची वैद्यकीय तपासणी स्त्री डॉक्टरच करते आणि त्या वेळी आई-वडील किंवा मुलीचा जिच्यावर विश्वास आहे अशी व्यक्ती जवळ असते. मुलाचे नाव, छायाचित्र, शाळा, पत्ता यांपैकी काहीही प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. ‘चार लोकांत नाव होईल’ या धास्तीने जे पालक दाराशी येऊन परत फिरतात, त्यांना हे आधी माहीत असते तर ते फिरले नसते.

बदलापूरनंतर कॅमेरे, पोलीस पडताळणी, तक्रारपेट्या यांविषयीचे आदेश कडक झाले. सखी सावित्री समित्यांचा निर्णय तर त्याआधीच, मार्च २०२२ मध्ये, शासनाने घेतला होता. या सर्व गोष्टी असाव्यात, याबद्दल दुमत नाही. पण तक्रारपेटीचाच विचार करा. चार वर्षांच्या मुलीला लिहिता येत नाही, आणि पेटी बहुधा तिच्या डोक्याच्या वर, मुख्याध्यापकांच्या खोलीसमोर लावलेली असते. कॅमेरा जे टिपतो, ते घडून गेल्यानंतर पाहिले जाते. शिशुवर्गातील मुलाची तक्रारपेटी म्हणजे त्याच्या शेजारी जमिनीवर बसणाऱ्या बाई. त्यांनी त्याला आपल्या शरीराच्या अवयवांची नावे न लाजता शिकवलेली असावीत, आणि त्याने ती नावे उच्चारली तर ‘असं बोलू नये’ म्हणून त्याला गप्प बसवू नये. घरी आजी-आजोबांनीही नाक-कान-डोळे शिकवताना बाकीचा देह वगळू नये. ज्या अवयवाला नावच नाही, तिथले दुखणेही मूल ‘पोटात’ म्हणूनच सांगते.

मोठ्या मुलांचे दुखणे अधिक मुके असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी स्वतःचे जीवन संपवले, आणि त्यांत आपल्या राज्याचा आकडा सर्वाधिक होता. हा आकडा उच्चारून आम्ही तेथेच थांबणार नाही, कारण अशा आकड्यांनी पालक केवळ घाबरतात आणि घाबरलेले पालक मुलांचे ऐकत नाहीत, त्यांच्यावर पहारा ठेवतात. मुलाचे खाणे, झोप, मित्र, वही या चारांपैकी कशातही अचानक बदल दिसला, तर त्याला एकांतात, शांतपणे विचारावे. जीव नकोसा वाटतो का, असे विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो, हा समज खरा नाही. उलट, विचारणारा कोणी तरी आहे याचाच त्याला आधार होतो. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक आणि बालकांसाठीचा १०९८ हा क्रमांक, दोन्ही विनामूल्य आहेत. ते शाळेच्या ओळखपत्रामागे छापून घेण्यास फारसा खर्च येत नाही.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडून ठेवावा, असे त्यात म्हटले आहे. आपल्या परिसरातील वाड्या-वस्त्यांवरच्या बऱ्याच शाळा या दुसऱ्या गटात मोडतात. त्यांनी संबंध जोडावा तरी कोणाशी? मानसोपचारतज्ज्ञ शहरात, आणि शहराची गाडी दिवसातून दोन वेळा. आमच्यासारख्या रुग्णालयाने येथे पुढे यावयास हवे, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्तांपुढे ठेवला आणि त्यांनी तो एकमताने स्वीकारला, हे सांगताना समाधान वाटते.

कोणी म्हणेल, हे सारे नवे खूळ आहे. आमच्या वेळी शाळेत समुपदेशक नव्हते. नव्हते खरे. पण अंमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी होते. मुले शाळेत गेल्यावर त्यांच्या खोल्या झाडणारे, आजारी मुलाची शुश्रूषा करणारे आणि त्यांच्यासाठी हाताने लिहून दैनिक काढणारे शिक्षक आपल्या भाषेने पाहिले आहेत. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात लक्ष्मीबाईंनी सर्व जातींची मुले पोटच्या मुलांसारखी सांभाळली आणि त्यांच्या अन्नासाठी मंगळसूत्रसुद्धा दिले. कोणते मूल आज जेवले नाही, हे अशा माणसांना कोणी अहवाल मागितल्यावाचून कळत असे. मात्र त्यांची थोरवी गाऊन आजच्या शिक्षकाकडून तशाच त्यागाची अपेक्षा करणे आम्हाला न्याय्य वाटत नाही. आजच्या शिक्षकाकडे सर्वेक्षणे आहेत, निवडणुकीची कामे आहेत, ऑनलाइन भरावयाचे रकाने आहेत आणि काही ठिकाणी एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता आहेत. मुलाचे ऐकण्यासाठी त्याला वेळ हवा आणि ऐकल्यावर पुढे काय करावे, याची माहिती हवी. वेळ देणे शासनाच्या हाती आहे. माहिती देणे आपल्या हाती आहे.

तेव्हा, देणगीदारांशी थोडे मोकळेपणाने बोलतो. शाळेला देणगी द्यावयाची म्हटले की जलशीतक, बाके, संगणक, आणि अलीकडे कॅमेरे, अशा ज्यांच्यावर नावाची पाटी लावता येते त्या वस्तू सुचतात. त्या वस्तूंचा उपयोग होतो आणि पाटी लावण्यातही काही वावगे नाही. परंतु यंदा आम्ही ज्यासाठी हात पुढे करीत आहोत, त्यावर पाटी लावता येणार नाही. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी परिसरातील शाळा व वसतिगृहांतील शिक्षक, अधीक्षक आणि स्वयंपाकी यांच्यासाठी रुग्णालयात एक दिवसाचे प्रशिक्षण घ्यावयाचे आहे. सर्पदंश, विषबाधा, अपस्मार, गुदमरणे, भाजणे यांत पहिल्या अर्ध्या तासात काय करावे आणि काय करू नये. मूल काही सांगू लागले तर त्याच्याशी कसे बोलावे. आणि कायदा कोणाला, केव्हा कळवावयास सांगतो, एवढेच त्यात असेल. स्वयंपाकी आणि शिपाई यांना आम्ही मुद्दाम बोलावीत आहोत, कारण मुले त्यांच्याशी बोलतात.

दुसरा खर्च प्रवासाचा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येऊन मुले तपासते आणि हृदय, दृष्टी, श्रवण यांचे दोष शोधून पुढील उपचारांसाठी चिठ्ठी देते. २०१३ पासून चाललेले हे काम मोलाचे आहे. परंतु त्या चिठ्ठ्यांपैकी काही घराच्या वळचणीलाच राहतात, कारण मुलाला घेऊन येणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे आणि दोघांचे गाडीभाडे. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून ‘ढ’ ठरलेल्या मुलाचा चष्मा अशाने वर्ष-वर्ष लांबतो. देशात १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुली रक्तक्षयग्रस्त आहेत, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. वर्गात पेंगणाऱ्या मुलीला आळशी म्हणण्याआधी तिचे हिमोग्लोबिन पाहावे, हेही त्याच चिठ्ठीचे काम.

आणि तिसरी गोष्ट अगदीच साधी. वसतिगृहांसाठी खाटा आणि मच्छरदाण्या. नेपाळच्या तराई भागातील अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचे प्रमाण कमी आढळले आहे, आणि हिवताप-डेंग्यूपासून रक्षण होते ते वेगळेच. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी लागते, एवढे शिकवले की झाले. श्वसनयंत्राच्या किमतीत पुष्कळ वसतिगृहांच्या मच्छरदाण्या होतील. श्वसनयंत्रही आम्हाला हवे आहे, त्याचा उल्लेख कोषाध्यक्षांच्या निवेदनात आहे; पण दोन्हींत निवड करावयाची वेळ आली, तर आधी मच्छरदाण्या द्या, असे आम्ही स्वतःच सुचवतो.

चहापानाच्या वेळी समाजसेवा विभागाचे कार्यकर्ते दाराजवळच्या टेबलापाशी बसलेले असतील. ज्यांना पैसे देणे शक्य नाही, पण सुतारकाम, नळकाम किंवा शिवणकाम येते, त्यांनीही तेथे नाव द्यावे. शाळांची यादी टेबलावर ठेवली आहे. कोणत्या शाळेत किती खाटा कमी आहेत आणि मुलींच्या स्वच्छतागृहाच्या किती दारांना आतून कडी नाही, हे प्रत्येक नावापुढे लिहिलेले आहे.